दिवसाचा आळस की रात्रीचा आजार? : ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाच्या आकलनाचा व उपचारांचा इतिहास

सारांश :
झोपेत घशाचा मार्ग वारंवार बंद होऊन श्वास थांबणे या विकारास ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असे म्हणतात. या विकाराची बाह्य लक्षणे प्राचीन काळापासून नोंदली गेली असली, तरी त्यास स्वतंत्र रोग म्हणून मान्यता १९६५ नंतरच मिळाली. तत्पूर्वी या लक्षणांकडे विनोद, आळस, मंदबुद्धी अथवा अतिभोजनाचा परिणाम म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत शोधनिबंधात या आकलनातील स्थित्यंतरांचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, रुग्णाच्या दिवसाऐवजी त्याच्या रात्रीचे निरीक्षण सुरू झाले तेव्हाच रोगाचे स्वरूप उलगडले, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : स्लीप ॲप्निया, पिकविक लक्षणसमूह, ट्रॅकिओस्टॉमी, सीपॅप, वैद्यकशास्त्राचा इतिहास.

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्राचा इतिहास हा केवळ नव्या औषधांच्या व यंत्रांच्या शोधांचा इतिहास नसतो. समाज कोणत्या त्रासास आजार मानतो आणि कोणत्या त्रासास स्वभावदोष मानतो, याचाही तो इतिहास असतो. या दृष्टीने स्लीप ॲप्निया हे एक उद्बोधक उदाहरण ठरते. आपल्याकडे मोठ्याने घोरणाऱ्या माणसास गाढ झोप लागली आहे असे सर्रास समजले जाते. घोरणाऱ्याची तुलना कुंभकर्णाशी होते आणि दिवसा डुलक्या घेणाऱ्यास आळशी ठरविले जाते. भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात निद्रा व आळस यांची गणना तमोगुणाच्या बंधनांत केलेली आहे. म्हणजेच अवेळी येणारी झोप हा आपल्या परंपरेत मुख्यतः नीतीचा विषय होता. पाश्चात्त्य समाजातही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती.

प्रत्यक्षात, ज्यास आपण गाढ झोप समजतो ती या रुग्णांच्या बाबतीत रात्रभर चाललेली श्वासासाठीची झुंज असते. जागेपणी घशाच्या भोवतालचे स्नायू श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत हे स्नायू शिथिल होतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद असतो त्यांच्या बाबतीत श्वास आत ओढताना निर्माण होणाऱ्या ओढीने मऊ टाळू व जीभ मागे खेचली जाऊन मार्ग बंद होतो. छाती व पोट हलत राहतात, परंतु हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि मोठ्या घरघरीसह श्वास पुन्हा सुरू होतो. तीव्र विकारात हे चक्र दर तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडते. सकाळी रुग्णास यातील बहुधा काहीच आठवत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :
१) स्लीप ॲप्नियाच्या लक्षणांकडे पाहण्याच्या दृष्टिकोनात कालानुरूप झालेले बदल अभ्यासणे. २) या विकारास रोग म्हणून मान्यता मिळण्यास कोणते घटक कारणीभूत ठरले याचा शोध घेणे. ३) उपचारपद्धतींच्या विकासाचा व मर्यादांचा आढावा घेणे. प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, प्रकाशित वैद्यकीय शोधनिबंध व वाङ्मयीन साधने यांचा आधार घेतला आहे.

१. रोगापूर्वीचा रोग :
काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या हेराक्लिया या ग्रीक नगरराज्यावर इ.स.पू. चौथ्या शतकात डायोनिसियस नावाचा हुकूमशहा राज्य करीत होता. पुढील काळातील ईलियन व अथेनियस या लेखकांनी त्याची हकीकत सांगितली आहे. अतिस्थूल झालेल्या या राजास श्वास घेणे कठीण जाई आणि त्याला झोपेतून उठविणे हे त्याच्या वैद्यांपुढे संकट होते. त्यासाठी लांब बारीक सुया त्याच्या अंगात टोचल्या जात. संवेदना असलेल्या भागापर्यंत सुई पोहोचली की तो जागा होई. या लेखकांच्या दृष्टीने मात्र ही हकीकत रोगवर्णन नव्हती. ऐषआरामाने माणसाची कशी दशा होते याचा तो दाखला होता.

भारतीय परंपरेतही अशा लक्षणांची नोंद आढळते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात अतिस्थूल व्यक्तीच्या लक्षणांत क्षुद्रश्वास व अतिनिद्रा यांच्या जोडीला ‘क्रथन’ हा शब्द येतो. श्वास अकस्मात अडणे, झोपेत घशातून घरघर होणे, अशा अर्थाने तो घेतला जातो. यावरून प्राचीन वैद्यांना स्लीप ॲप्निया ज्ञात होता असा निष्कर्ष काढणे इतिहासलेखनाच्या शिस्तीस धरून होणार नाही. लक्षणांची यादी म्हणजे रोगाची संकल्पना नव्हे. परंतु निरीक्षण सूक्ष्म होते, एवढे निश्चित म्हणता येते.

या विकाराच्या इतिहासात सर्वांत दूरगामी ठरलेले वर्णन वैद्यकीय ग्रंथात नव्हे, तर कादंबरीत आले. चार्ल्स डिकन्सची पिकविक क्लबविषयीची कादंबरी १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीतील जो हा लठ्ठ पोऱ्या सतत खातो, उभ्या उभ्या झोपतो, घोरतो आणि दार ठोठावता ठोठावताही पेंगतो. वाचकांनी त्यास हसून दाद दिली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विल्यम ऑस्लर या नामवंत वैद्याने लठ्ठपणा व अनावर झोप यांच्या संदर्भात याच पात्राची आठवण दिली आणि पिकविकचे नाव वैद्यकाच्या परिभाषेत शिरले.

याच शतकात दोन निरीक्षणे खऱ्या अर्थाने मार्गदर्शक ठरू शकली असती. १८७७ मध्ये लंडनचे डब्ल्यू. एच. ब्रॉडबेंट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये उताण्या झोपलेल्या, घोरणाऱ्या वृद्धांचे वर्णन केले. मधूनच घशातील अडथळ्यावर मात करण्यात श्वास अपुरा पडतो, छातीची हालचाल सुरू असूनही शांतता पसरते आणि मग मोठ्या आवाजासह हवा आत शिरते, असे त्यांनी नोंदविले. घशातील अडथळा आणि हवेविना होणारी छातीची हालचाल हे विकाराचे दोन्ही मर्मबिंदू त्यांत आले आहेत. परंतु त्यांचा मुख्य विषय मेंदूतील रक्तस्रावाचा होता, त्यामुळे हे निरीक्षण दुर्लक्षित राहिले.

दुसरे निरीक्षण मुलांविषयीचे आहे. १८८९ मध्ये विल्यम हिल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुलांच्या मागासलेपणाच्या व मंदपणाच्या कारणांविषयी लेख लिहिला. तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे मूल शाळेत मठ्ठ ठरविले जाते, परंतु दोष त्याच्या बुद्धीचा नसून नाक-घशातील अडथळ्याचा असू शकतो, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. शिक्षक म्हणून आपण या लेखाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. वर्गात पेंगणाऱ्या विद्यार्थ्याविषयी घाईने मत बनविण्याची सवय आजही संपलेली नाही. ख्रिस्तियान गिय्यमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लीप ॲप्निया झालेल्या आठ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला तो १९७६ मध्ये, म्हणजे हिल यांच्या लेखानंतर तब्बल सत्त्याऐंशी वर्षांनी.

२. नावाने घातलेला घोळ (१९५६) :
१९५६ मध्ये अमेरिकेतील सिडनी बरवेल व सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अतिस्थूलता व अपुरे श्वसन यांच्या संबंधाविषयी लेख प्रसिद्ध केला आणि या अवस्थेस ‘पिकविक लक्षणसमूह’ असे नाव दिले. त्यांचा रुग्ण एक व्यावसायिक अधिकारी होता. पत्ते खेळताना त्याच्या हाती तीन एक्के व दोन राजे आले. पोकरमध्ये हा हात डाव मारण्याइतका भक्कम असतो. परंतु त्याच क्षणी त्यास झोप लागली आणि डाव गेला. या प्रसंगानंतर तो रुग्णालयात दाखल झाला.

बरवेल यांचे निदान असे होते की, चरबीच्या भाराने श्वसन अपुरे पडते, रक्तात कर्बद्विप्राणिल वायू साठतो आणि त्याच्या गुंगीने दिवसा झोप येते. वजन घटविल्यावर रुग्णात सुधारणा झाल्याने या उपपत्तीस बळ मिळाले. या लेखाचे महत्त्व नाकारता येत नाही. डुलक्या येणे हा शारीरिक आजार असू शकतो, हे त्याने वैद्यकविश्वापुढे ठामपणे मांडले. त्यांनी वर्णिलेली श्वसनाची अवस्था आजही स्वतंत्र विकार म्हणून ओळखली जाते.

तथापि या नावाचे दोन दुष्परिणाम झाले. पहिला असा की, हा विकार केवळ लठ्ठ माणसांचा आहे असा ग्रह दृढ झाला व सडपातळ रुग्ण दृष्टीआड राहिले. दुसरा असा की, संशोधकांचे लक्ष जागेपणीच्या रक्तवायूंवर खिळले. रुग्णाची तपासणी दिवसा होत होती, विकार मात्र रात्री घडत होता.

३. रात्रीची नोंद (१९५३ ते १९७६) :
रात्रीकडे वळण्यासाठी आधी झोपेविषयीची कल्पना बदलणे आवश्यक होते. झोप म्हणजे मेंदूची केवळ विश्रांती, असे दीर्घकाळ मानले जाई. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा शोधून काढला. झोप ही अनेक टप्प्यांची सक्रिय प्रक्रिया आहे हे त्यातून पुढे आले आणि रात्रभर मेंदूच्या विद्युत्लहरींची नोंद करण्यास शास्त्रीय प्रयोजन मिळाले.

१९६५ मध्ये फ्रान्समधील मार्से येथे आंरी गास्तो, तास्सिनारी व द्युरों यांनी, तसेच जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कुलो यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे पिकविक रुग्णांच्या झोपेची व श्वसनाची एकत्रित नोंद केली. रुग्णाचा श्वास रात्रभर पुन्हापुन्हा थांबत असल्याचे कागदावर स्पष्ट उमटले. गास्तो यांच्या गटाने थांबणाऱ्या श्वासाचे तीन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात श्वसनाची प्रेरणाच थांबते, दुसऱ्यात प्रेरणा असूनही मार्ग बंद असतो, तर तिसरा मिश्र असतो. दिवसाची झोप ही विषारी वायूमुळे येणारी गुंगी नसून रात्रीच्या तुटलेल्या झोपेची भरपाई आहे, हे आकलन येथून रुजू लागले.

यानंतर इटलीतील बोलोन्या येथे एलिओ लुगारेसी व जोर्जो कोच्चान्या यांनी प्रत्येक श्वासखंडाबरोबर रक्तदाब कसा वाढतो हे दाखविले. १९७२ मध्ये रिमिनी येथे या विषयावर परिसंवाद भरला. त्याच वर्षी गिय्यमिनो फ्रान्समधून अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांच्या निद्राविकार केंद्रात दाखल झाले. रुग्णाच्या नोंदीत मेंदूच्या लहरींसोबत श्वसन व हृदयाची गती घेण्याचा प्रघात तेथे पडला. १९७६ मध्ये गिय्यमिनो, टिल्कियान व डिमेंट यांनी ‘स्लीप ॲप्निया’ या नावाने लक्षणसमूहाची मांडणी केली. सात तासांच्या झोपेत किमान दहा सेकंदांचे तीस श्वासखंड, अशी मोजपट्टी त्या काळी ठरली. १९७८ मध्ये जॉन रेमर्स व सहकाऱ्यांनी जिभेला पुढे ओढणाऱ्या स्नायूची सक्रियता व घशातील दाब यांची नोंद करून मार्ग नेमका कसा मिटतो हे उलगडले.

येथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. यंत्राने जे १९६५ मध्ये टिपले, ते रुग्णाच्या शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला पूर्वीपासून ऐकू येत होते. घोरणे अचानक थांबते, घरात शांतता पसरते आणि मग गुदमरल्यासारखा आवाज येतो, हे पत्नीने किंवा आईने कितीदा तरी अनुभवलेले असते. परंतु तिची साक्ष वैद्यकीय पुरावा मानली जात नव्हती. आज निदानाच्या प्रश्नावलीत सोबत झोपणाऱ्याच्या निरीक्षणास स्थान आहे, हा या इतिहासातील महत्त्वाचा बदल होय.

४. उपचार : छिद्रापासून हवेच्या आधारापर्यंत :
अडथळा खरोखर घशातच आहे, याचा निर्णायक पुरावा उपचाराने दिला. १९६९ मध्ये कुलो, डोल व फ्रांक यांनी पिकविक रुग्णावर ट्रॅकिओस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसविली. घशाला वळसा मिळताच झोपेतील श्वास सुरळीत झाला व दिवसाची झोप नाहीशी झाली. वजन तेच असताना हा बदल घडला, त्यामुळे अडथळ्याची उपपत्ती भक्कम झाली. पुढील सुमारे बारा वर्षे गंभीर रुग्णांसाठी हाच प्रभावी उपाय होता. त्याची किंमतही मोठी होती. गळ्यातील नळीची रोजची निगा, जंतुसंसर्गाची भीती, बोलताना व पाण्याजवळ घ्यावी लागणारी काळजी आणि लोकांच्या नजरा यांसह रुग्णास जगावे लागे.

या पार्श्वभूमीवर ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी केलेला प्रयोग पाहावा लागतो. त्यांनी त्यापूर्वी टोरंटो येथे एलियट फिलिपसन यांच्यासमवेत कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनाचा अभ्यास केला होता. कुत्र्याच्या नाकावर घट्ट बसणारा मास्क तयार करण्याचा अनुभव त्यांना तेथेच मिळाला. दाबाखालील हवेचा उपचारही सर्वस्वी नवा नव्हता. १९३६ मध्ये पोल्टन यांनी हृदयविकाराने फुफ्फुसात पाणी झालेल्या रुग्णांसाठी, तर १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी नवजात अर्भकांसाठी तो वापरला होता. सलिव्हन यांची कल्पना अशी की, नाकावाटे सतत थोडा दाब दिल्यास हवाच घशास आतून आधार देईल.

जून १९८० मध्ये ट्रॅकिओस्टॉमीचा सल्ला मिळालेल्या, परंतु ती नको असलेल्या एका बांधकाम कामगारावर हा प्रयोग झाला. दाब वाढविताच श्वासाचा अडथळा दूर झाला, दाब कमी करताच तो परतला. पुढे तो रुग्ण सुमारे सात तास अखंड झोपला. एप्रिल १९८१ मध्ये सलिव्हन, इस्सा, बर्थन-जोन्स व इव्ह्ज यांनी पाच रुग्णांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पाण्याच्या अवघ्या ४.५ ते १० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका दाब पुरेसा ठरला होता. प्रारंभीची यंत्रे गोंगाट करणारी होती व मास्क रोज रात्री नाकावर चिकटवावा लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून तयार यंत्रे बाजारात आली व ‘सीपॅप’ हे नाव रूढ झाले.

१९८१ मध्येच फुजिता व सहकाऱ्यांनी पडजीभ व मऊ टाळूचा काही भाग काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिचा लाभ निवडक रुग्णांपुरता राहिला. खालचा जबडा पुढे धरणारी दंतसाधने सौम्य व मध्यम विकारात उपयोगी ठरली. २०१४ मध्ये जिभेच्या मज्जातंतूस झोपेत सौम्य विद्युत्चेतना देणाऱ्या उपकरणास अमेरिकेत मान्यता मिळाली. रेमर्स यांनी १९७८ मध्ये ज्या स्नायूचे कार्य मोजले, त्यासच कामास लावणारा हा उपाय आहे.

५. रुग्णालयातून समाजात :
रुग्णालयात येणाऱ्यांवरून रोगाचा प्रसार कळत नाही. १९९३ मध्ये टेरी यंग व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ३० ते ६० वयोगटातील ६०२ कर्मचाऱ्यांच्या झोपेची नोंद प्रसिद्ध केली. दर तासाला पाच वा अधिक वेळा श्वसनात अडथळा येणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २४ टक्के व स्त्रियांत ९ टक्के आढळले. दिवसाच्या झोपेसह हा विकार असणारे अनुक्रमे ४ व २ टक्के होते. हा जवळजवळ केवळ पुरुषांचाच आजार आहे ही समजूत येथे ढळली. २००१ मध्ये हाँगकाँगमधील कार्यालयीन पुरुषांतही लक्षणांसह विकाराचे प्रमाण सुमारे ४ टक्केच मिळाले. तेथे लठ्ठपणा तुलनेने कमी असूनही असे घडले, याचा अर्थ चेहऱ्याची व जबड्याची ठेवणही महत्त्वाची आहे. डिकन्सच्या पोऱ्याची प्रतिमा अपुरी असल्याचे यातून सिद्ध झाले.

आपल्या संदर्भात मुंबईतील अभ्यास मोलाचा आहे. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांकडून प्रश्नावली भरून घेतली व त्यांपैकी २५० जणांच्या झोपेची त्यांच्या घरी नोंद केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झोपेतील श्वसनविकार १९.५ टक्के, तर दिवसाच्या झोपेसह विकार ७.५ टक्के आढळला. हा समृद्ध देशांचाच आजार आहे हा समज त्याने खोडून काढला. तथापि ही पाहणी शहरी पुरुषांपुरती होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी या विकाराचा उल्लेख केला आणि हे नाव वृत्तपत्रांतून सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले.

६. अपूर्ण इतिहास :
विकार ओळखला व उपायही सापडला, म्हणजे इतिहास पूर्ण झाला असे नाही. २०१६ मध्ये भारतासह सात देशांतील २,७१७ रुग्णांवरील ‘सेव्ह’ चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकार वा मेंदूविकार असलेल्या या रुग्णांत सीपॅपमुळे दिवसाची झोप घटली व जीवनमान सुधारले, परंतु पुढील हृदयविकाराच्या घटना घटल्याचे दिसले नाही. रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते. यंत्र परिणामकारक असणे आणि ते माणसाच्या रात्रीत सामावणे या भिन्न गोष्टी आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड हे वजन घटविणारे औषध लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र विकार असणाऱ्यांसाठी मान्य झाले. बरवेल यांनी वजनाकडे निर्देश केला होता, त्याकडे वैद्यक नव्या ज्ञानासह परतले आहे. मात्र या परतीबरोबर रुग्णास दोष देण्याची जुनी वृत्ती परतू नये, याची दक्षता घ्यावी लागेल.

निष्कर्ष :
१) स्लीप ॲप्नियाची लक्षणे प्राचीन काळापासून दृष्टोत्पत्तीस आली होती, परंतु ती नीती व विनोद यांच्या चौकटीत बसविली गेल्याने रोगाची संकल्पना उशिरा घडली.
२) ‘पिकविक’ या नावाने विकारास ओळख मिळवून दिली, त्याचबरोबर लठ्ठपणाच्या प्रतिमेत त्यास जखडूनही ठेवले.
३) १९६५ मधील रात्रीच्या नोंदी हे निर्णायक वळण होते. निरीक्षणाची वेळ बदलली तेव्हा कारणमीमांसाही बदलली.
४) या विकारात उपचार हे आकलनाचेही साधन ठरले. ट्रॅकिओस्टॉमीने अडथळ्याचे स्थान सिद्ध केले, तर सीपॅपने तो अडथळा छेदाविना दूर करता येतो हे दाखविले.
५) भारतातील स्त्रिया, मुले व ग्रामीण लोकसंख्या यांच्या संदर्भात या विषयाच्या सामाजिक इतिहासाचे लेखन होणे अगत्याचे आहे.

कार्यालयात पेंगणारा कारकून, रात्रपाळीनंतर वाहन चालविणारा चालक, वर्गात मान टाकणारा विद्यार्थी यांपैकी प्रत्येक जण आजारी असेलच असे नाही. अपुरी झोप, श्रम, अन्य व्याधी अशी कारणेही संभवतात. परंतु त्यास आळशी ठरविण्यापूर्वी त्याची रात्र कशी जाते हे विचारणे, एवढा बोध या इतिहासातून निश्चित घेता येतो.